इतर, नमूद करा

दिघ्याला, ईलठणपाड्याच्या चढावर,
पत्र्याच्या चौथ्या घरात
तिनं बसायला पिंप उलटं करून दिलं.
संमतीपत्र मी पाठ असल्यासारखं वाचलं:
नाव कुठंही येणार नाही, मध्येच थांबू शकता,
एक प्रत तुमच्याकडे राहील.
तुमची संमती आहे का?

ती म्हणाली, थांबा, यांना फोन लावते.
मी म्हणाले, त्यांची नको. तुमचीच लागते.
तेव्हा चुकीच्या घरात शिरलेल्या मीटरवाल्याकडे बघावं
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या फॉर्मात शब्द आहे गर्भपात.
तो उच्चारला की बायका आधी दाराकडे बघतात.
त्यांचे शब्द निराळे.
पिशवी धुतली. मोकळी झाले. क्युरेटिन केलं.
परभणीकडची एक म्हणाली, राहिलं होतं, राहू नाही दिलं.
एकीनं नुसते हात झटकले, पीठ झटकतात तसे,
आणि पुढची पोळी लाटायला घेतली.
मी टॅबवर दाबलं: होय.

हिचं मात्र टॅबमध्ये मावेना.
फेऱ्या किती? एक, दोन, तीन किंवा जास्त.
ती फेऱ्या आठवड्यांत मोजत होती.
पहिलीला सातवा, सोनोग्राफीच्या मॅडम रजेवर.
दुसरीला नववा, नवऱ्याची सही आणा म्हणाले.
कायद्यात ती लागत नाही,
हे ट्रेनिंगला आम्हाला सांगितलं होतं. तिला कोण सांगणार?
नवरा टेम्पो घेऊन चाळीसगावला.
आला तेव्हा अकरावा.
दर फेरीला एक खाडा, दर खाड्याला पावणेचारशे.

कामाचं ठिकाण?
रबाळे, औषधांची कंपनी, पॅकिंग.
पुढचं कुठल्या प्रश्नात नव्हतं, तिनंच सांगितलं:
पट्टीत रिकामा कप्पा दिसला की पट्टी बाजूला काढायची,
एवढंच माझं काम. झोपेतसुद्धा सापडतो.
आणि नाक्यावरचा केमिस्ट म्हणतो,
ताई, त्या गोळ्या ठेवत नाही आम्ही, कागद फार लागतात.

मग?
मग कळव्याला एक बाई होती.

इथं ती थांबली.
मध्येच थांबू शकता, मीच वाचलं होतं.
बाहेर खदानीचा डंपर चढ रेटत होता,
माठावरचा पेला किणकिणायला लागला.
तिनं त्याच्यावर हात ठेवला.
टॅबचा पडदा काळा झाला. मी तो जागा केला नाही.

बऱ्याच वेळानं पर्याय वाचले:
सरकारी, खासगी, घरी, इतर.
इतर, नमूद करा. चाळीस अक्षरांची जागा.
मी लिहिलं: कळवा, बाई, नऊ दिवस ताप.

निघताना ती म्हणाली,
एवढं विचारलंत, आता मी एक विचारू?
माझ्या भाचीची पाळी चुकलीय. एकोणीसची आहे.
तिला नको आहे. कुठं न्यायची?

सल्ला देऊ नये, माहिती बिघडते,
पुस्तिकेत पान अकरावर आहे.
मी तिची प्रत उलटी केली, मागे लिहिलं:
ऐरोली, दुसरा मजला, मंगळवार-शुक्रवार,
साडेआठच्या आत. उशीर नको.
खाली, मोठ्या अक्षरांत: सही तिची एकटीची पुरते.
त्याच्याही खाली माझा नंबर, जो देऊ नये.
तिनं कागद गॅसच्या पुस्तकात ठेवला,
पुस्तक डाळीच्या डब्यामागे.

वाशीचा एसी हॉल, पडद्यावरची रंगीत चकती,
तिच्यातली इतरांची राखाडी फाक,
आणि सर म्हणाले ते, ही फार बारीक आहे, सोडून देऊ,
ते सगळं नंतर.

शुक्रवारी आठ वीसला मिसकॉल आला.
उलट लावला तर पलीकडे कुणी टोकन पुकारत होतं,
सोळा, सोळा कोण आहे,
आणि एक कोवळा आवाज, घाईत,
फोनशी नव्हे:
मी आहे. माझीच सही आहे ती.